यंत्ररचित मराठी आणि भाषाभ्यासकाचा निर्णय

(१)

विद्यापीठीय भाषाभ्यासक्रमात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना स्थान द्यावे की देऊ नये, हा प्रश्न सांप्रत ज्या रीतीने मांडला जातो, ती रीतच सदोष आहे. एक पक्ष या साधनांवर बंदी घालू पाहतो. दुसरा पक्ष त्यांचे स्वागत करून त्यांनाच नव्या अध्यापनपद्धतीचा पाया मानतो. दोन्ही पक्षांची दृष्टी यंत्राने लिहिलेल्या मजकुरावर खिळलेली आहे. अभ्यासक्रम ज्याच्यासाठी आखला, त्या विद्यार्थ्याच्या ठिकाणी कोणती बौद्धिक क्रिया घडावी, हा मूळ प्रश्न मात्र दोहोंच्या विचारातून निसटतो. प्रस्तुत विवेचन या मूळ प्रश्नापुरते मर्यादित आहे.

संभाषण करणारे यंत्र ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६ साली ‘एलायझा’ या संगणकीय आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले होते. ती ठरावीक साच्यांच्या आधारे समोरच्याचेच शब्द फिरवून परत करीत असे. आजची साधने निराळ्या तत्त्वावर उभी आहेत. गूगलमधील संशोधकांनी २०१७ साली मांडलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना त्यांच्या मुळाशी असून, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाल्यावर ती विद्यार्थ्यांच्या नित्य वापरात आली. या साधनांच्या गाभ्याशी असलेले भाषाप्रतिमान विपुल लिखित मजकुरावरून एका शब्दखंडामागून कोणता शब्दखंड येण्याचा संभव किती, याचे गणित शिकलेले असते. या गणितातून सुसंगत, बहुधा व्याकरणशुद्ध आणि पुष्कळदा उपयुक्त मजकूर निर्माण होतो, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही.

(२)

बंदीचा पक्ष प्रथम विचारात घेऊ. बंदी अंमलात आणावयाची तर यंत्रलिखित मजकूर ओळखता आला पाहिजे. आणि नेमके तेच विश्वसनीयपणे साधत नाही. ‘ओपनएआय’ या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये असा मजकूर ओळखण्याचे एक साधन प्रसिद्ध केले. संस्थेने स्वतः दिलेल्या आकड्यांप्रमाणे, इंग्रजी मजकुराच्या चाचणीत त्याला यंत्रलिखित मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर यंत्राचा म्हणून ओळखता आला, आणि मानवलिखित मजकुरापैकी ९ टक्के मजकूर त्याने चुकीने यंत्राच्या पदरी घातला. अचूकता अपुरी असल्याचे कारण देऊन जुलै २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले. याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशा सात साधनांची परीक्षा केली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी ‘टोफेल’ परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी घेतले होते. सरासरीने त्यांतील निम्म्याहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरविले गेले. मर्यादित शब्दसंग्रह व अपेक्षित अशी वाक्यरचना हेच या संशयाचे कारण होते.

मराठी विभागांना या निष्कर्षाचे महत्त्व विशेष आहे. ज्या विद्यार्थ्याच्या घरी अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलली जाते, तो प्रमाण मराठी बव्हंशी पुस्तकांतून शिकतो, आणि त्यामुळे त्याचे लेखन पुस्तकी व साचेबंद असण्याचा संभव अधिक असतो. अशा साधनांचा अवलंब केल्यास संशयाचा पहिला भार त्याच्यावरच पडण्याची भीती आहे. शिक्षकाने हेराची भूमिका स्वीकारावी आणि तीही सदोष उपकरणाच्या बळावर, यात शैक्षणिक लाभ कोणता, हे बंदीच्या पुरस्कर्त्यांनी सांगितलेले नाही.

(३)

स्वागताचा पक्ष अधिक आकर्षक आहे, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा अधिक काळजीपूर्वक झाली पाहिजे. यंत्र लेखनाचे कष्ट हलके करते, तेव्हा विद्यार्थ्याला उच्चतर विचारासाठी अवकाश मिळतो, असे या पक्षाचे म्हणणे आहे. इतर काही विषयांत ते अंशतः खरे असू शकेल. भाषेच्या अभ्यासात मात्र लेखनाचे कष्ट आणि विचार यांची अशी फारकत करता येत नाही. दोन शक्य रूपांपैकी एक निवडणे आणि त्या निवडीचे कारण देणे, हेच भाषाभ्यासकाचे मूळ काम होय.

एक उदाहरण घेऊ. ‘काल तू गोष्टी सांगितल्यास’ आणि ‘तू गोष्टी सांगितल्यास मुले झोपतील’ या दोन वाक्यांत ‘सांगितल्यास’ हे रूप लेखनात व उच्चारात सारखेच आहे. अर्थ मात्र भिन्न आहेत: पहिल्यात घडलेल्या गोष्टीचे कथन, दुसऱ्यात अट. मराठी जाणणारा कोणीही वाचक हा भेद तत्काळ ओळखतो. यंत्रही बहुधा ओळखेल. पण भेद ओळखणे निराळे आणि तो सिद्ध करणे निराळे. सिद्धतेसाठी विद्यार्थ्याला कर्म पालटून पाहावे लागते. ‘गोष्टी’च्या जागी ‘गोष्ट’ घातल्यास पहिले वाक्य ‘तू गोष्ट सांगितलीस’ असे होते, ‘किस्सा’ घातल्यास ‘तू किस्सा सांगितलास’ असे होते. दुसऱ्या वाक्यात मात्र ‘गोष्ट सांगितल्यास’, ‘किस्सा सांगितल्यास’ असे रूप अचल राहते. यावरून निष्पन्न होते ते असे की, पहिल्या रूपातील लिंगवचन कर्माचे आहे आणि अंत्य ‘स’ द्वितीयपुरुषी कर्त्याची खूण आहे. परंपरागत व्याकरणात ज्याला कर्तृकर्मसंकर म्हणतात तो प्रयोग हाच. दुसऱ्या रूपात ‘सांगितल्या’ हे कृदन्ताचे सामान्यरूप असून ‘स’ हा विभक्तिप्रत्यय आहे. एकाच ध्वनिरूपाच्या आड दोन निरनिराळ्या रचना उभ्या आहेत.

हे सर्व यंत्राला विचारता येईल, आणि कदाचित ते योग्य उत्तरही देईल, असा आक्षेप येथे संभवतो. तो मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. यंत्र चुकते, म्हणून ते त्याज्य, हा युक्तिवाद दुर्बळ आहे. साधने सुधारत जातील तसतसा तो अधिकच दुर्बळ होईल. खरा मुद्दा असा की, योग्य उत्तर आयते मिळाले तर कर्म पालटून पाहण्याची ती कृती विद्यार्थ्याच्या हातून घडतच नाही. आणि ती कृती हेच शिक्षण होते. शिवाय, यंत्राने उत्तराखाली जोडलेले स्पष्टीकरण हेही त्याच संभवगणिताने रचलेला मजकूर असते. यंत्र उत्तरापर्यंत ज्या मार्गाने पोहोचले त्याचा तो वृत्तान्त असेलच असे नाही. मो. के. दामले यांचे १९११ सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ वाचणारा विद्यार्थी पूर्वसूरींची मते, त्यांचे खंडन आणि ग्रंथकाराचा निर्णय या क्रमाने जातो. त्याला निर्णयाशी वाद घालता येतो, कारण निर्णयाची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते.

(४)

दुसरी हानी बोलींच्या अभ्यासात संभवते. वऱ्हाडीत ‘तो काम करून राहिला’ असे म्हटले असता, तो काम करीत आहे, असा अर्थ होतो. प्रमाण मराठीच्या अभ्यस्त वाचकाला हे वाक्य अपूर्ण किंवा चुकीचे वाटते. भाषाप्रतिमानांना उपलब्ध होणारा मराठी मजकूर प्रामुख्याने लिखित व प्रमाण स्वरूपाचा आहे. पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ या गटाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यांच्या संग्रहातही वृत्तविषयक मजकुराचा वाटा मोठा आहे. अशा सामग्रीवर घडलेल्या यंत्राकडे क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणाचे लिप्यंतर किंवा ‘शुद्धीकरण’ सोपविले, तर जे रूप नोंदविण्यासाठी विद्यार्थी गावोगाव हिंडला, तेच रूप चूक समजून पुसले जाण्याचा धोका आहे. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी ग्रंथमाला हाती घेतली, तिचे मोल वक्त्याच्या तोंडचे रूप जसेच्या तसे टिपण्यात होते. ती शिस्त सोडली तर सर्वेक्षणाला सामग्री उरणार नाही.

(५)

तथापि यावरून यंत्र वर्गाबाहेर ठेवावे, असे अनुमान निघत नाही. प्रश्न यंत्राच्या प्रवेशाचा नसून क्रमाचा आहे: विद्यार्थ्याच्या निर्णयाच्या आधी ते आले तर निर्णय खुंटतो, नंतर आले तर तेच अभ्यासाचा विषय बनू शकते.

या दुसऱ्या प्रकारची उदाहरणे देता येतील. भाषाप्रतिमाने शब्दांचे जे तुकडे करतात, ते वारंवारितेवरून ठरतात, व्याकरणावरून नव्हे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत साध्या रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात; ‘विद्यार्थ्याला’ या एका शब्दात १४ चिन्हे, म्हणजे ४२ बाइट होतात. विद्यार्थ्याने प्रथम या शब्दाचे मूळ रूप, सामान्यरूप व प्रत्यय असे पृथक्करण करावे आणि मग यंत्राचे तुकडे शेजारी ठेवून पाहावे. रूपिम म्हणजे काय, हे त्या तुलनेतून जितके स्पष्ट होईल तितके व्याख्येच्या पाठांतराने होणार नाही. अनुवादाच्या वर्गातही तसेच. इंग्रजीतील ‘वुई’ या सर्वनामात श्रोत्याचा समावेश आहे की नाही, हे रूपावरून कळत नाही. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतून निवड करावीच लागते. विद्यार्थ्याने आपली निवड कारणासह आधी लिहावी, नंतर यंत्राची निवड तपासावी, आणि मतभेद असल्यास मूळ उताऱ्यातील कोणता पुरावा कोणाच्या बाजूने आहे ते तोंडी मांडावे.

या योजनेवर व्यावहारिक आक्षेप घेतला जाईल. वर्ग मोठे, शिक्षक थोडे, आणि तोंडी परीक्षेला वेळ फार, ही अडचण काल्पनिक नाही. परंतु पंधरा पानांचा गृहनिबंध वाचून तो कोणी लिहिला याचा तर्क करण्यापेक्षा, वर्गात पंधरा मिनिटांत लिहिलेल्या एका परिच्छेदाचा निर्णय तपासणे कमी वेळाचे आहे. गृहनिबंध ठेवावयाचाच असेल, तर त्याचे कच्चे खर्डे व कार्डांवरील टिपणे सोबत मागावीत आणि गुणांचा लक्षणीय भाग पाच मिनिटांच्या तोंडी समर्थनाला द्यावा.

नव्या अध्यापनपद्धतीची खरी कसोटी अखेर प्रश्नपत्रिकेत लागते. ‘मराठीतील प्रयोगांची सोदाहरण चर्चा करा’ हा प्रश्न यंत्र येण्यापूर्वीही स्मरणशक्तीचीच परीक्षा करीत होता. यंत्राने त्याचे वैयर्थ्य केवळ उघडे पाडले. एखादे अपरिचित वाक्य देऊन त्याची दोन विश्लेषणे पुढे ठेवावीत, त्यांपैकी एक स्वीकारावयास सांगावे आणि दुसरे का नाकारले हे विचारावे. असे प्रश्न काढण्यास शिक्षकाला अधिक श्रम पडतील, आणि साधनांच्या खरेदीआधी विभागांनी विचार करावयाचा तो या श्रमांचा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयामागोमाग संशोधनाच्या ज्या अपेक्षा व्यक्त होत आहेत, त्या पुऱ्या करणारे अभ्यासक आजच्या पदव्युत्तर वर्गांतूनच यावयाचे आहेत. आणि दोन रूपांतील भेद स्वतः सिद्ध करण्याची सवय त्यांना याच वर्गांत लागली पाहिजे.