अजिंठ्याची रेषा आणि लखनौचा चित्रकार

प्राचीन चित्रांपासून प्रेरणा घेणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा विचार असितकुमार हलदार (१८९०–१९६४) यांच्या संदर्भात विशेष उद्बोधक ठरतो. १९२५ ते १९४५ या काळात त्यांनी लखनौच्या शासकीय कलाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. परंतु त्यांची खरी दीक्षा त्यापूर्वीच, १९०९ ते १९११ या वर्षांत, लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकात अजिंठ्याच्या प्रतिकृती करताना झाली होती. ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून करविलेल्या प्रतिकृतींचा हेतू मुख्यतः जतनाचा होता. हलदारांच्या पिढीला मात्र अनुकृतीतून स्वतःची वाट शोधावयाची होती.

येथेच खरी अडचण आहे. अजिंठ्याची रेषा ही भिंतीची रेषा होय. आकृतींची दाटी आणि एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात सरकणारी कथा ती एकत्र सांधते. तिचे मार्दव हे तिच्या सामर्थ्याचेच अंग आहे. उमर खय्यामवरील हलदारांच्या चित्रांत ते मार्दव उतरले आहे, परंतु तो भार उतरलेला नाही. काव्याला चित्ररूप देणाऱ्याने पूर्वसूरींकडून घ्यावयाचे ते केवळ लालित्य नव्हे, तर त्या लालित्याला तोलून धरणारी रचनेची शिस्त होय.