दारामागचं वाङ्मय

आपल्या समीक्षकांनी कथा-कादंबरीपासून दिवाळी अंकातल्या राशिभविष्यापर्यंत सगळ्याची दखल घेतली. पण लॉजच्या खोलीत दारामागे, ट्यूबलाइटचा उजेड पोचणार नाही अशा बेताने जी नियमावली टांगलेली असते, तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही. ही उणीव आज भरून काढतो.

या वाङ्मयाचा नायक 'एक्स्ट्रा माणूस'. खोली दोघांची, तिसरा आला की त्याला जमिनीवर गादी. गादीत कापूस किती याबद्दल मतभेद होतील, तिच्या पैशांबद्दल होत नाहीत. मुलांचं प्रकरण मात्र दुर्बोध आहे. एस.टी. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट देऊन मोकळी होते. लॉजमध्ये कुठे ५ वर्षांपर्यंत फुकट, कुठे ८. त्यामुळे एकाच सुट्टीत एकच पोरगं महाबळेश्वरला मूल असतं आणि पाचगणीला माणूस होतं!

तरी इथवर भाषा सरळ आहे. चादरी धुवाव्या लागतात, पाणी लागतं, आग लागली तर खोलीत किती माणसं आहेत हे कळायला हवं. पैसे घ्या, तक्रार नाही.

पण पुढचंच वाक्य पाहा : 'रात्री ९ नंतर व्हिजिटरला परवानगी नाही. हुकुमावरून.' हुकूम कुणाचा? कारण काय? लेखक मौन पाळतो. समजा, पेशंटला घेऊन शहरात आलेलं कुटुंब आहे. हॉस्पिटलात दिवसभर बसलेली बहीण रात्री दोन तास पाठ टेकायला खोलीवर येते. काउंटरवरचा इसम तिला आपादमस्तक न्याहाळतो. "व्हिजिटर अलाऊड नाही." मग जरा थांबून, "एक्स्ट्रा पर्सन लावू का?" म्हणजे ९ वाजता जे चारित्र्याला घातक होतं, ते पावती फाडताच सव्वानऊला गृहस्थाश्रमात बसतं.

बरं, कायद्याचं म्हणावं, तर इंग्रजांच्या १८६७ च्या सराई कायद्यालासुद्धा उतारूंच्या चारित्र्याशी कर्तव्य नव्हतं. मॅजिस्ट्रेटने मागितलं, तर कोण उतरलं होतं ते कळवा, एवढंच. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर ओळखपत्रांची तपासणी कडक झाली, ती योग्यच. परदेशी पाहुण्याची खबर २४ तासांत द्यावी लागते, तीही द्यावी. सरकारला हवं असतं माणसाचं नाव. बहिणीचंही घ्या की! ओळखपत्र पाहा, रजिस्टरात लिहा, गादीचा भाव खोली देण्याआधी सांगा आणि तिला झोपू द्या.

एकूण, या कृतीत हिशेब उत्तम आहे, माणसाची ओळख कच्ची आहे. नव्या आवृत्तीत लेखकाने पैसे आणि चारित्र्य ही दोन खाती वेगळी ठेवावीत. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात टाकली, तर आमच्या बँकेत चौकशी लागते. लॉजवाले त्याला नियम म्हणतात आणि फ्रेम करून दारामागे लावतात.