बोलण्याची वेळ जाणणारा प्लगइन

ब्राउझरमध्ये होणाऱ्या फॉर्मच्या तपासणीवर सुरक्षेचा भार टाकता येत नाही. जावास्क्रिप्ट बंद करता येते, फॉर्मला वळसा घालून माहिती थेट सर्व्हरकडे धाडता येते, म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावीच लागते. मग ब्राउझरमधली तपासणी उरते ती केवळ फॉर्म भरणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी. तिचा कस लागतो तो ती त्या माणसाशी कशी वागते यावर. ‘जेक्वेरी व्हॅलिडेशन’ हा प्लगइन मला थोर वाटतो तो या वागण्यामुळे. जर्मनीतल्या यॉर्न झेफरर यांनी तो २००६ मध्ये, जॉन रेसिग यांची जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी आली त्याच वर्षी लिहायला घेतला.

त्यातले नियम साधे आहेत: रकाना भरलेला हवा, ईमेल ईमेलसारखा दिसायला हवा, दोनदा लिहिलेला पासवर्ड जुळायला हवा. असे नियम कोणीही लिहील. अवघड आहे ते चूक नेमकी कधी दाखवायची हे ठरवणं, आणि या कोडचं सगळं सौंदर्य तिथेच आहे.

समजा, आपण नावाच्या रकान्यात गेलो आणि काही न लिहिता पुढे सरकलो. नाव आवश्यक असूनही प्लगइन गप्प राहतो. माणूस अजून फॉर्म न्याहाळत असेल, मागे येऊन नाव लिहील, एवढी सवड तो देतो. ईमेलच्या रकान्यात अर्धवट पत्ता टाकून बाहेर पडलो, तर मात्र तो लगेच बोलतो, कारण लिहायचा इरादा होता आणि लिहिलेलं चुकलं आहे. एकदा चूक दाखवली की त्याचा स्वभाव पालटतो. आता तो प्रत्येक अक्षरागणिक तपासतो आणि पत्ता बरोबर होताच त्याच क्षणी लाल अक्षरं काढून घेतो. दोष दाखवताना सबुरी आणि मागे घेताना तत्परता, असा हा क्रम आहे.

कळ सोडल्यावर चालणाऱ्या ‘ऑनकीअप’ या फंक्शनमध्ये काही कळांची यादीच आहे: शिफ्ट, कंट्रोल, आल्ट, कॅप्स लॉक, होम, एंड, चारही बाण. यांतली कळ दाबल्यास तपासणी होत नाही. बाणाने कर्सर मागे नेणारा माणूस काही लिहीत नसतो, तो फक्त जागा शोधत असतो. त्या क्षणी त्याला टोकू नये, हे कोणाला तरी सुचलं आणि त्याने ते कोडमध्ये लिहून ठेवलं.

ईमेल, आकडे, तारीख अशा नियमांच्या सुरुवातीला ‘ऑप्शनल’ या फंक्शनला विचारणा होते: रकाना रिकामा आहे का? असेल, तर पुढची तपासणी होतच नाही. रिकामं ठेवणं आणि चुकीचं लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विवेक एका छोट्या अटीत मावला आहे. चूक दाखवणारा संदेशही मुळात ‘लेबल’ या घटकात येतो. ते लेबल आपल्या रकान्याशी जोडलेलं असतं, त्यामुळे संदेशावर क्लिक केलं की कर्सर थेट चुकलेल्या जागी पोचतो. तक्रारीतच दुरुस्तीची वाट दाखवलेली आहे.

उणीवही सांगायला हवी. ‘डिजिट्स’ हा नियम फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. पिनकोड मराठी आकड्यांत लिहिला, की ‘फक्त आकडे लिहा’ अशा अर्थाचा संदेश येतो, आणि तोही ज्याने आकडेच लिहिले आहेत त्याला. प्लगइनसोबतच्या जादा नियमांतला ‘लेटर्सओन्ली’ फक्त ए ते झेड जाणतो, त्यामुळे देवनागरीत लिहिलेलं नाव त्याला अक्षरांचं वाटत नाही. पण ‘अ‍ॅडमेथड’ने स्वतःचा नियम लिहायची आणि प्रत्येक संदेश आपल्या भाषेत द्यायची सोय आहे. मराठी फॉर्म करणाऱ्याने ती वापरली नाही, तर दोष प्लगइनचा म्हणता येणार नाही.

आज ब्राउझर स्वतःच बरीचशी तपासणी करतात आणि अनेक नव्या प्रकल्पांत जेक्वेरी नसते. तरी या प्लगइनमागचा विचार जुना झालेला नाही. २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत चालणारा सीएसएसमधला ‘युजर-इनव्हॅलिड’ हा सिलेक्टरही रकान्याला माणसाचा हात लागल्यावरच चूक मानतो.

फॉर्म बनवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: लायब्ररी कोणतीही घ्या, पण लिहायला सुरुवात होण्याआधी लाल अक्षरं दाखवू नका, आणि चूक सुधारली की ती क्षणभरही ठेवू नका.