सीमाभागातला जलसा कुणासमोर उभा राहतो?

लंडनमध्ये ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रॅफल्गर चौकातून एक मोर्चा निघाला आणि शहराच्या पूर्वेकडच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत गेला. तिथे दिवसभर गाणी झाली. ‘द क्लॅश’ हा गोऱ्या तरुणांचा पंक रॉक बँड आणि ‘स्टील पल्स’ हा बर्मिंगहॅमच्या कृष्णवर्णीय तरुणांचा रेगे बँड एकाच मंचावर आले. समोर हजारोंचा जमाव होता. ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ या चळवळीचा हा सर्वात गाजलेला मेळा. तिची ठिणगी दोन वर्षांपूर्वी पडली होती. एरिक क्लॅप्टन या गिटारवादकाने १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरूनच स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केलं. बॉब मार्लेचं गाणं गाऊन यश मिळवलेल्या माणसाच्या तोंडी हे यावं, याची अनेकांना चीड आली आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. या कार्यक्रमांची आठवण काढताना बहुतेक जण गाण्यांचा आक्रमकपणा सांगतात. मला त्यांचं मर्म वेगळ्या ठिकाणी दिसतं. पंक ऐकणारी गोरी पोरं आणि रेगे ऐकणारी काळी पोरं एरवी वेगवेगळ्या ठिकाणी जमत असत. आयोजकांनी त्यांना एका मैदानात आणलं. प्रत्येक बँडने आपलंच गाणं आपल्याच ढंगात गायलं, पण ऐकणारे बदलले होते. निषेधाच्या गाण्याचं बळ शब्दांइतकंच समोर कोण उभं आहे यावर ठरतं. हीच कसोटी बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या निषेधगीतांना लावली तर काय दिसतं, हा या लेखाचा विषय आहे.

वंश आणि जात एक नव्हेत, तेव्हा लंडनच्या वर्णद्वेषाशी इथल्या जातिभेदाची ही तुलना ओढूनताणून केलेली आहे, असं कुणी म्हणेल. समाजशास्त्राच्या काटेकोर अर्थाने ते बरोबरही आहे. पण ही तुलना आपल्याकडच्या माणसांनीच फार आधी केलेली आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच ब्लॅक पँथरवरून घेतलं. जन्मावरून माणसाला हलकं ठरवणाऱ्या दोन व्यवस्थांची सांगड या लोकांनी घातली ती अभ्यासाची सोय म्हणून नव्हे, लढ्याची गरज म्हणून. तेव्हा वर्णद्वेषाविरुद्धच्या पंक मैफलींचं आपल्या मातीतलं नातं शोधायचं तर ते गिटारपाशी सापडणार नाही. ते जलशापाशी सापडेल.

जलशाचा इतिहास या पट्ट्याला परका नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला आशय उलटवला. भटशाही, सावकारी आणि अज्ञान यांवर सवाल-जवाब रचले, वगातून शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानात या विचाराला आश्रय मिळाला, आणि निपाणी तर कोल्हापूरच्या कुशीतलंच गाव. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वावर विश्वास व्यक्त केला. पाच वर्षांनी, एप्रिल १९२५ मध्ये, मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद खुद्द निपाणीत भरली आणि तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. पुढे नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा घडवला. गणातलं गणेशस्तवन गेलं, गौळण मागे पडली, त्या जागी चळवळीची कवनं आली. हा बदल केवळ मजकुराचा नव्हता. तमाशात करमणुकीचा विषय झालेला कलावंत जलशात स्वतःच्या माणसांशी त्यांच्या हक्कांविषयी बोलू लागला, आणि समोर बसलेला गावही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागला. एवढा बदल फार थोड्या लोककलांनी आपल्या पोटातून घडवला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ नंतर या भागातल्या मंचाचा विषय बदलला. त्याच वर्षीच्या जानेवारीत इथल्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात माणसं गेली होती. बेळगाव, निपाणी, कारवार म्हैसूर राज्यात गेल्यावर मराठी माणसाचं सगळं सार्वजनिक गाणं भाषेच्या प्रश्नाभोवती गोळा झालं. ते स्वाभाविक होतं आणि त्यातलं दुःख खरं होतं. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड या दुःखाची सर्वात मोठी कलाकृती. पण ती रचणारा कवी मातंग समाजात जन्मलेला, लाल बावटा कलापथकात घडलेला. त्याच्या लेखी मराठी राज्याची मागणी आणि श्रमिकाची, दलिताची मुक्ती एकाच दोरीचे पीळ होते. सीमाभागाच्या मंचाने छक्कड घेतली आणि दुसरा पीळ हळूहळू सैल सोडला. शिवरायांचा पोवाडा, हुतात्म्यांना वंदन, सीमाप्रश्नावरचं आवाहन असा एक ठरीव क्रम तयार झाला. त्यात जातीचा प्रश्न आला तर फुटीचं कारण म्हणून आला.

भाषेच्या या मैदानाशेजारचं दुसरं मैदान चौदा एप्रिलचं, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीचं. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यांनी घडलेली भीमगीतांची परंपरा निपाणी, चिक्कोडी, बेळगावच्या वस्त्यांत आजही जिवंत आहे. तिची कला मात्र उतरणीला लागली आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. जलशात गाण्याबरोबर संवाद असे, प्रश्न असे, शाहीर थांबून समजावून सांगे. डॉल्बीच्या भिंतीपुढे त्यातलं काहीच शिल्लक राहत नाही. ठेका उरतो, ओळ बुडते. या गर्जनेचा एक अर्थ मला मान्य आहे. ज्यांचा आवाज गावाने कधी ऐकून घेतला नाही, त्यांनी एक दिवस सगळ्या गावाला ऐकायला लावणं हाही निषेधच आहे. व्हिक्टोरिया पार्कातल्या स्पीकरांचं कामही दुसरं काय होतं? फरक इतकाच की तिथे आवाज मोठा झाला तेव्हा आतलं म्हणणंही पोचत होतं.

या दोन मैदानांच्या जोडीला तिसरं आहे, आणि मराठी वाचक त्याच्याकडे क्वचितच बघतो. कन्नड साहित्याला ‘बूसा’ म्हणजे भुसा म्हटल्यावरून १९७३ मध्ये उठलेल्या वादानंतर कर्नाटकात दलित चळवळ पेटली आणि दलित संघर्ष समिती आकाराला आली. १९७५ मध्ये सिद्धलिंगय्यांचा ‘होलेमादिगर हाडु’ हा संग्रह निघाला आणि त्यातल्या कविता सभांतून, मोर्च्यांतून गायल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी ‘समुदाय’ ही सांस्कृतिक चळवळ सुरू झाली. म्हणजे नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’नंतर तीनच वर्षांत शेजारच्या भाषेत तितकाच तप्त आवाज उमटला होता. बेळगाव जिल्हा हा दोन्ही आवाजांचा मुलूख. एकाच तालुक्यात एका गल्लीत वामनदादा आणि दुसऱ्या गल्लीत कन्नड क्रांतिगीत. तरीही हे दोन आवाज एका मंचावर येणं ही इथली रूढ गोष्ट झाली नाही. आंबेडकरी गाण्यालाही राज्यांची हद्द लागू पडली, याहून मोठी उणीव मला या भागाच्या कलाजीवनात दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप सीमाचळवळीतल्या माणसाचा असेल. भाषिक अल्पसंख्याकाची गळचेपी हाही भेदभावच आहे. ज्यांच्या सीमाप्रश्नावरच्या महामेळाव्याला अलीकडच्या वर्षांत परवानगीही नाकारली गेली, त्यांनाच कन्नड गाण्यासाठी मंच मोकळा करा म्हणणं अन्याय आहे. या म्हणण्यातलं दुःख नाकारता येत नाही. आपल्या भाषेत फलक, कागद, शाळा मागणं हा नागरिकाचा हक्कच आहे. पण कन्नड बोलणारा दलित शेतमजूर ही गळचेपी करत नाही. ज्या मराठी गावाने आपल्याच दलित वस्तीला पाण्यापासून लांब ठेवलं, त्याला केवळ भाषेच्या नावावर एकजूट मागताना अडखळायला हवं. लंडनच्या त्या चळवळीतही गोऱ्या कामगार पोरांची बेकारी खरी होती. त्यांचा राग काळ्या शेजाऱ्यावर जाऊ नये, यासाठीच ते मैदान भरवलं गेलं.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूचा. दोन भाषा मिसळल्या की गाणं पातळ होतं, असं म्हटलं जातं. पण मिसळायची गरजच नाही, आणि या भागाच्या कलेत तर दोन भाषा शेजारी बसण्याची सवय जुनी आहे. भीमसेन जोशींनी मराठी संतवाणी आणि कन्नड दासवाणी दोन्ही गायल्या आणि दोन्हीकडच्या श्रोत्यांनी त्या आपल्या मानल्या. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व मराठी रसिकांचे झाले. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर दोन्ही राज्यांतून लोक येतात, आणि चौंडकं-तुणतुण्यावर दोन्ही भाषांतली गाणी होतात. भक्ती जोडते, निषेध तोडतो, असं यावर कुणी म्हणेल. यल्लम्माच्या बाबतीत तरी ही विभागणी टिकत नाही. त्या गाण्यांमागे देवाला सोडलेल्या मुली आहेत, त्या बहुतांश दलित घरांतल्या, आणि त्यांचं शोषण दोन्ही भाषांत सारखंच झालं. कर्नाटकात १९८२ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ कादंबरीत हे जग मराठीत आणलं. जोगतिणीच्या गाण्यातली वेदना ऐकताना श्रोता डोळे मिटून भक्तीत रमला, तर ते गाण्याचं अपयश नाही, ऐकण्याचं आहे.

मराठी आणि कन्नड बाजू एकत्र आल्याचं एक उदाहरण निपाणीतच आहे. इथल्या तंबाखू वखारींत काम करणाऱ्या बायकांनी संघटना बांधली, तेव्हा ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने त्यांच्यासोबत राहून १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. या गटातल्या दीपा धनराज बेंगळुरूच्या. त्यांनी निपाणीच्या बायकांची मराठी तशीच ठेवली आणि त्या बायकांनी आपला लढा कॅमेऱ्यापुढे स्वतः उभा केला. भाषावादाच्या दोन्ही बाजूंना न सुचलेली गोष्ट वखारीत घडली, कारण तिथे तंबाखूची धूळ दोन्ही भाषांच्या छातीत सारखीच जात होती. हा सिनेमा आहे, जलसा नव्हे. पण इथल्या निषेधकलेचा इतिहास लिहिताना त्याचं नाव अग्रभागी यायला हवं.

तिसरा आक्षेप सर्वात जड आहे. गाण्याने काय होतं? १९७९ च्या निवडणुकीत इंग्लंडमधला नॅशनल फ्रंट हा वर्णद्वेषी पक्ष आपटला, पण त्याला मार्गारेट थॅचर यांनी स्थलांतराबद्दल घेतलेली कडक भूमिकाही कारण होती, असं अनेक अभ्यासक म्हणतात. आणि आपल्याकडे तर गाण्याची किंमत तुरुंग आहे. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या कलावंतांनी ती मोजली आहे. हे सारं मान्य करून मी एवढंच म्हणेन की मैफलीकडून निवडणुकीचा निकाल मागणं चूक आहे. तिने श्रोत्याला नवा शेजारी दिला तर तिचं काम झालं. चेन्नईत चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी उभ्या केलेल्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ने वस्तीत अंत्यविधीला गायला जाणारा ‘गाना’, रॅप आणि रॉक एका मंचावर आणून हे दाखवलं. अंत्यविधीच्या गाण्याला सभागृहाचा मान मिळाला, आणि सभागृहाला नवे श्रोते.

बेळगाव परिसरात यासाठी नवी संस्था काढावी लागणार नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी इथली ग्रामीण मराठी साहित्य संमेलनं गावकऱ्यांच्या वर्गणीवर उभी आहेत. शहरातल्या कुठल्याही सभागृहापेक्षा त्यांच्या मांडवात जास्त कष्टकरी माणसं बसतात. त्यांनी एका सत्रात जलसा ठेवावा, संवादासकट, डॉल्बीविना. त्याच सत्रात चिक्कोडी-गोकाककडच्या कन्नड दलित गायकांना बोलवावं. त्यांनी कन्नडमध्येच गावं, भाषांतराचा आग्रह धरू नये. चौदा एप्रिलच्या समित्यांनीही मिरवणुकीच्या खर्चातला काही भाग अशा रात्रीसाठी बाजूला काढावा. सीमाप्रश्नाचा ठराव त्याच मांडवात सकाळी झाला तरी हरकत नाही. रात्री मात्र पुढच्या रांगेत कोण बसतं, गावची जुनी घराणी की वस्तीतली माणसं, हे आयोजकांनी आधी ठरवलं पाहिजे.