केबल स्वस्त की ओटीटी? आधी ‘कोणासाठी’ ते विचारा

नांदेडला असो की लातूरला, टीव्हीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, “आता केबल कशाला ठेवता? सगळं मोबाइलवर दिसतंय की! पन्नास रुपयांत काम होतंय.” बातम्यांमध्ये आणि काही सर्वेक्षणांमध्ये हीच पद्धत जरा सुटाबुटात येते. एका बाजूला केबलचं महिन्याचं बिल, दुसऱ्या बाजूला ॲपचा दर, मग वजाबाकी आणि शेवटी निष्कर्ष.

घरातल्या टीव्ही-मोबाइलच्या खर्चावर मी पीएच.डी. करतेय, त्यामुळे ही वजाबाकी मला रोजच भेटते. माझा आक्षेप आकड्यांवर नाही, आकडे बहुतेक वेळा बरोबर असतात. पण दोन्ही बाजूंचं एकक वेगळं आहे. केबलचं बिल घराला लागतं. ओटीटीचं बिल माणसाला लागतं, खरं तर सिमकार्डाला. क्विंटल आणि लिटर यांची वजाबाकी होत नाही, तशीच ही पण होत नाही.

केबलचा आकडा कुठून येतो?

पूर्वी केबलचा दर गल्लीत ठरायचा. केबलवाला सांगेल तो भाव, आणि ओळख असली तर थोडा कमी. मग डिजिटायझेशन आलं. महानगरं आणि मोठी शहरं आधी झाली. नांदेड-लातूरसारखी उरलेली शहरं तिसऱ्या टप्प्यात होती, त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५. गावांचा नंबर त्यानंतर लागला. घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले आणि कोण काय बघतो ते मोजता येऊ लागलं.

त्याच्या जोरावर ट्रायनं नवी दररचना आणली. ती १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. पहिल्या १०० साध्या वाहिन्यांसाठी नेटवर्कचं शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैशांच्या वाहिन्या त्याच्यावर वेगळ्या. ज्या वाहिनीचा सुटा दर १९ रुपयांपेक्षा जास्त, ती पॅकमध्ये टाकायची नाही, असाही नियम होता. समजा एखाद्या घरानं १९ रुपयांच्या तीन वाहिन्या घेतल्या. ५७ रुपये आणि कर धरून ६७ रुपये २६ पैसे. एकूण २२० रुपये ६६ पैसे. पुढे २०२० च्या दुरुस्तीत त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या आल्या.

हे २२० रुपये मात्र घरात किती माणसं आहेत ते विचारत नाहीत. दोघं असोत की आठ जण, शेजारची काकू मालिका बघायला आली तरी बिल तेवढंच.

आता ओटीटीचा आकडा

‘पन्नास रुपये’ कुठून आले? फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा त्याचा मोबाइल प्लॅन तीन महिन्यांना १४९ रुपये होता. भागिले तीन, म्हणजे महिन्याला पन्नासच्या आत. आकडा खरा आहे. पण हा प्लॅन एका वेळी एकाच मोबाइलवर चालणारा, जाहिरातींसकट. घरात तिघांना आपापल्या वेळेला, आपापल्या फोनवर बघायचं असेल तर महिन्याला १४९ झाले. शिवाय स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एका ॲपवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. केबलच्या रिमोटला एवढी वाटणी माहीत नाही.

पुढचा प्रश्न नेटचा. संशोधनात याला संयुक्त खर्च म्हणतात, म्हणजे एकाच पैशात दोन-तीन कामं होणं. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचं रोज दीड जीबीचं २८ दिवसांचं रिचार्ज २९९ रुपयांना झालं. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. वर्षात १२ नाही, १३ वेळा रिचार्ज मारावं लागतं. वर्षाचे ३,८८७ रुपये, म्हणजे महिन्याला ३२४ च्या आसपास. आता हे सगळे ओटीटीच्या खात्यावर टाकायचे का? टाकले तर ओटीटी महाग दिसतं. अजिबात नाही टाकले तर फुकट दिसतं. दोन्ही पद्धती वापरल्या जातात, आणि दोन्ही चूक.

बरोबर प्रश्न असा: ‘उद्या ओटीटी बंद केलं, तर या घराचा कोणता खर्च वाचेल?’ फोन करायला, व्हॉट्सॲपला रिचार्ज लागणारच असेल तर वाचेल ते फक्त ॲपचे पैसे. पण मुलाच्या मोबाइलवर दीड जीबीच्या जागी अडीच जीबीचा पॅक केवळ मॅचसाठी घेतला असेल, तर तो फरक ओटीटीचा. याला सीमांत खर्च म्हणतात. नाव जड आहे, पण बाजारात भाजी घेणारी कोणतीही बाई हा हिशोब मनातल्या मनात करते.

आणि केबल खरंच काढून टाकायची असेल तर? नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की मध्यम दर्जाच्या चित्राला तासाला साधारण ०.७ जीबी लागतं. दीड जीबीत जेमतेम दोन तास. घरातला टीव्ही संध्याकाळी सहा ते साडेदहा चालतो असं धरा, तर तीन जीबीच्या वर गेले. म्हणजे हॉटस्पॉटवर भागत नाही, घरात फायबर घ्यावं लागतं. जिओफायबरचा ३९९ रुपयांचा साधा प्लॅन करासकट ४७० रुपये ८२ पैसे पडतो, त्यात ओटीटी नाही. आता २२० ची तुलना ४९ शी नाही, ४७० आणि वर ॲपचे पैसे, यांच्याशी करायची. घरात मुलांच्या अभ्यासासाठी फायबर आधीच असेल तर चित्र पुन्हा पालटतं. म्हणून ‘ओटीटी स्वस्त’ हे वाक्य एका घरासाठी खरं आणि शेजारच्या घरासाठी खोटं असू शकतं.

बघणारं माणूस कुठे गेलं?

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगरकडे रूम करून राहणारा नीटचा विद्यार्थी घ्या. खोलीत टीव्ही नाही, केबलवाला तिथे येणारही नाही. त्याच्यासाठी ओटीटी स्वस्तच आहे. त्याच्यापुढे ‘केबल की ओटीटी’ हा प्रश्नच नाही, ‘ओटीटी की काहीच नाही’ हा आहे. पण गावाकडचं घर त्याच्या हिशोबात नाही. तिथे आजी-आजोबा आहेत, आई आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. कोणताही मोबाइल, स्मार्टफोनच असं नाही. आणि पन्नाशीच्या पुढच्या बायका या आकड्यात धरलेल्याच नाहीत, ज्या संध्याकाळी टीव्हीपुढे हमखास असतात. केबल काढली की घराचा खर्च कमी झाला असं वहीत दिसतं. प्रत्यक्षात एका माणसाचं बघणं बंद झालेलं असतं, आणि त्याची किंमत कोणत्याही रकान्यात येत नाही. पैसे वाचवणारा एक आणि गमावणारी दुसरी असेल, तर त्याला बचत म्हणायचं का?

‘सोय’ पण नीट मोजा

ओटीटीची सोय खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. मालिकेच्या वेळी लाइट गेली तर केबलवर तो भाग गेला. मोबाइलवर तो रात्री अकराला, भांडीकुंडी आवरून बघता येतो. घरकामाच्या वेळापत्रकात अडकलेल्या बाईसाठी ही लहान गोष्ट नाही.

पण केबलच्या सोयी प्रश्नावलीत येतच नाहीत. केबलवाले दादा “ताई, पुढच्या महिन्यात द्या” असं म्हणू शकतात. सोयाबीनचे पैसे यायचे असतात तेव्हा ही उधारीच सगळ्यात मोठी सोय. ॲपला उधारी कळत नाही, मुदत संपली की पडदा बंद. वायर तुटली तर फोन केल्यावर माणूस येतो, उशिरा का होईना. आणि शहराच्या लोकल चॅनलवर खाली पळणारी पट्टी: पाणी कधी सुटणार, कोणाचं निधन झालं, कोणत्या शाळेत प्रवेश सुरू झाले. ते कुठल्या ओटीटीवर दिसतं?

तिसरा पर्याय तर तुलनेतून गायबच असतो. डीडी फ्री डिशची छत्री एकदा बसवली की महिन्याला शून्य रुपये. वाहिन्या मोजक्या, पण सह्याद्री आहे, बातम्या आहेत. पत्र्यावरची ती छत्री धरली नाही तर तुलना अपुरी.

दराची हमी कोणाची?

केबलच्या दरावर निदान काही वर्षं सरकारी छप्पर होतं. ट्रायनं तेही जुलै २०२४ मध्ये काढलं आणि नेटवर्क शुल्काची कमाल मर्यादा संपवली. ओटीटीच्या दरावर तर छप्पर कधीच नव्हतं. ॲमेझॉन प्राइम डिसेंबर २०२१ मध्ये वर्षाला ९९९ वरून १,४९९ झालं, जून २०२५ पासून त्यात जाहिराती आल्या. आयपीएल २०२३ आणि २०२४ मध्ये जिओसिनेमावर फुकट होती. २०२५ ला पूर्ण सामने बघायला पैसे भरा, नाहीतर २९९ किंवा वरचं जिओचं रिचार्ज मारून ९० दिवसांचं जिओहॉटस्टार मिळवा, असं झालं. म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात केलेली तुलना आणि २०२५ ची तुलना एकाच तक्त्यात ठेवता येत नाही. सवय लावण्यासाठी ठेवलेल्या दराला बाजारभाव म्हणणं ही संशोधकाची चूक आहे.

मग आकडे वाचायचे कसे?

ऑल इंडिया डिजिटल केबल फेडरेशन आणि ईवाय यांच्या २०२५ च्या अहवालानुसार देशात पैसे भरून टीव्ही बघणाऱ्या जोडण्या २०१८ मध्ये १५.१ कोटी होत्या, २०२४ मध्ये ११.१ कोटी उरल्या. घट मोठी आहे आणि केबलवाल्यांच्या पोटावर आलेली आहे, यात शंका नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, अहवाल केबल कंपन्यांच्या संघटनेचा आहे, त्यामुळे ओटीटीवरचं बोट जरा जास्त ठळक असणार. दोन, यात मोजल्या आहेत त्या जोडण्या, माणसं नव्हेत. चार कोटी जोडण्या गेल्या याचा अर्थ चार कोटी घरं ओटीटीवर गेली असा होत नाही. काही फ्री डिशवर गेली असतील, काहींचा टीव्ही नुसता बंद पडून असेल. जोडण्यांच्या आकड्यातून हे दिसणारच नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘केबल महाग, ओटीटी स्वस्त’ असा तक्ता दाखवला, तर चार प्रश्न विचारा. हे पैसे कोणाच्या खिशातून गेले? त्या पैशात घरातली किती माणसं बघू शकली? नेटचा खर्च कसा धरला? आणि हा दर वर्षभर तरी राहणार आहे का? विद्यार्थ्यांनो, तुमच्या एम.ए.च्या प्रकल्पाची प्रश्नावली करत असाल तर ‘आपल्या घरी ओटीटी आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘कोणाच्या फोनवर आहे?’ आणि ‘केबल काढल्यापासून घरात कोणाचं बघणं बंद झालं?’ हे दोन प्रश्न त्याखाली जोडा. शक्यतो ते फोनच्या मालकाला नाही, घरातल्या आजीला विचारा.