गोळीने धूर धुऊन निघत नाही

विडीच्या धुराने फुप्फुसातील पेशींवर ऑक्सिडीकरणाचा मारा होतो. काही जीवनसत्त्वे ऑक्सिडीकरण रोखतात. म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेतल्या की फुप्फुसे सांभाळली जातात! सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट अवरोधक विकाराच्या रुग्णांसाठी होणाऱ्या जाहिरातींत ही तीन विधाने एका दमात येतात. पहिली दोन बरोबर आहेत. तिसरे केवळ गृहीतक आहे आणि ते तपासून झाले आहे.

फिनलंडमध्ये १९८५ पासून धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर प्रयोग झाला. बीटा-कॅरोटिन (गाजरातील रंगद्रव्य), ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा औषधविरहित गोळी, असे चार गट होते. १९९४ मध्ये निष्कर्ष आले. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला! जुनाट खोकला, कफ व धाप यांवरही गोळ्यांचा उपयोग दिसला नाही. अमेरिकेत बीटा-कॅरोटिन व अ जीवनसत्त्व एकत्र दिले, तेव्हा वाढ २८ टक्के दिसली. तो प्रयोग जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला.

मग भाज्या-फळे खाणाऱ्यांत हा कर्करोग कमी आढळतो, हे निरीक्षण चुकीचे होते का? नाही. पण भरपूर भाज्या खाणारा माणूस कदाचित विडीही कमी ओढत असेल. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

ड जीवनसत्त्वाची कथा जरा वेगळी आहे. बेल्जियममधील १८२ रुग्णांवरच्या प्रयोगात (२०१२) आजार बळावण्याचे प्रसंग एकंदरीत घटले नाहीत. मुळात तीव्र कमतरता असलेल्यांत मात्र घटले. पुढे कमतरता असलेलेच रुग्ण निवडून नेदरलँड्समध्ये प्रयोग झाला (२०२२), त्यात लाभ दिसला नाही. कमतरता जरूर भरून काढावी, पण तो सीओपीडीवरचा इलाज समजू नये.

सगळेच पूरक उपाय टाकाऊ नाहीत. तज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायामाने धाप कमी होते, हे सिद्ध झाले आहे. त्याची जाहिरात दिसत नाही, कारण तो बाटलीत भरून विकता येत नाही. खरा धोका असा, की गोळीच्या भरवशावर माणूस विडी चालू ठेवतो आणि इनहेलर बंद करतो.

आपल्याकडे तर विडीला कधीही न शिवलेल्या बायकांनाही चुलीच्या धुराने हा विकार होतो. त्यांना आधी हवी धूर न करणारी शेगडी.

शिक्षकांनी अशी एक जाहिरात वर्गात जरूर आणावी आणि मुलांना एवढेच विचारावे: तुलनेसाठी दुसरा गट कोणता होता?