निनावी बंदूक कोणाच्या कामाची?

मंडळी, अर्धवट बंदुकीला बंदूक म्हणायचं का? प्रश्न तर्कशास्त्राच्या तासाचा वाटतो, पण तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तिथे बंदुकीचे सुटे भाग संच म्हणून विकले जात. एका नवख्या माणसाने साधी हत्यारं आणि यूट्यूबच्या मदतीने त्यातून २१ मिनिटांत बंदूक जुळवली. तिच्यावर ना क्रमांक, ना विक्रीची नोंद. म्हणून नाव पडलं ‘घोस्ट गन’. २६ मार्च २०२५ ला न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं, की अशा संचांनाही बंदुकीचे नियम लावता येतील.

मला हे पटतं. आक्षेप असा, की स्वसंरक्षण हा हक्क आहे, त्यात सरकार कशाला? हक्क मलाही मान्य आहे. पण स्वसंरक्षण म्हणजे काय हो? ‘दुसरा इलाजच नव्हता’ हे चारचौघांसमोर सांगता येणं. आपल्या न्याय संहितेतही हा हक्क आहे, पण गरजेपुरताच. म्हणजे स्वतःला वाचवणारा माणूस पुढे येऊन उत्तर देतो. निनावी शस्त्राची सोय त्याला नाही, गोळी झाडून नामानिराळं राहणाऱ्याला आहे.

सरकारच्या हाती याद्या जातील, ही भीती खोटी नाही. पण तिथे नोंद दुकानदाराकडे राहते. बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही करायला १९८६ पासून कायद्यानेच मनाई आहे.

घरच्या थ्रीडी प्रिंटरपुढे मात्र हा निकाल अपुरा पडतो. तिथे दुकानदारच नाही. मग नोंद कोणाकडे मागणार?